पात्याचें पाणी

मराठी भाषेंत ‘पाणी’ हा शब्द जितक्या निरनिराळ्या अर्थांनीं योजला जातो, तितक्या अर्थांनीं दुसरा एखादा शब्द क्वचितच योजला जात असेल. मोत्याला पाणी असतें, माणसाचें पाणी जोखतात, घोडा पाणीदार असतो, आणि तलवारीच्या किंवा सुरीच्या पात्यालाहि पाणी देतात. यांपैकीं पात्याच्या पाण्याविषयींची सर्वसाधारण समजूत अशी कीं, लोहार पोलाद लालबुंद तापवितो, तें चर्रकन् पाण्यांत बुडवितो आणि त्या एका क्षणांत पात्याच्या अंगीं सारें तेज येतें. लोहारसाळेच्या दारांत उभ्या राहिलेल्या मुलाच्या मनावरहि तोच क्षण ठसतो. कारण आवाज, वाफ आणि चमत्कार हीं तिन्ही त्या क्षणांत एकवटलेलीं असतात.

अनुभवी कारागिराचें मत मात्र थोडें निराळें असतें. बुडविण्याचा क्षण महत्त्वाचा खरा. पण त्याच्या आधीं एक आणि नंतर एक अशीं दोन कामें असतात, व तीं दोन्ही अगदीं मूकपणें होतात. आधीं पातें तापवून तें हवेंत स्वस्थ निवूं द्यावयाचें. नंतर, प्रयासानें मिळविलेल्या कठिणपणापैकीं थोडा भाग जाणूनबुजून सोडून द्यावयाचा. यांतील कोणत्याहि पायरीवर उष्णतेचें माप चुकलें, तर उत्तम पोलादाचें पातेंहि निकामी होतें, आणि लोक दोष मात्र पोलादाला देतात. असा दोष विनाकारण माथीं आलेल्या दोन पोलादांच्या हकीकती इतिहासांत नमूद आहेत. एकीचा आरंभ मुंबईस झाला, दुसरीचा इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं. पहिल्या पोलादाला उष्णता अधिक झाली, दुसऱ्याला ती कमी पडली.

इ. स. १७९४ मध्यें मुंबईस ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेंत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे एका देशी पोलादाचा नमुना धाडला. त्याचें नांव त्यांनीं ‘वुट्झ’ असें कळविलें. कानडींत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात, त्याचाच हा अपभ्रंश असावा असें बहुतेक अभ्यासक मानतात. पुढल्या वर्षीं जॉर्ज पिअर्सन यांनीं या पोलादावर रॉयल सोसायटीपुढें निबंध वाचला, तेव्हां त्याच्या मथळ्यांतच हें पोलाद मुंबईस तयार होतें असें म्हटलें गेलें. वस्तुतः मुंबई हें त्याचें जन्मस्थान नव्हे. तेथून तें फक्त रवाना झालें. पोलाद तयार होत असे तें दक्षिणेंत, आजच्या कर्नाटक, तेलंगण व तमिळनाडु या प्रदेशांत. मातीच्या लहानशा मुशींत लोखंडाचे तुकडे आणि लांकूड किंवा पाला घालून कारागीर मुशीचें तोंड लिंपून टाकीत व ती तासन् तास भट्टींत ठेवीत. मूस निवल्यावर फोडली म्हणजे आंतून पोलादाचा एक लहानसा गोळा निघे.

हे गोळे विलायतेंतील अनेक लोहारांनीं आपल्या नेहमींच्या रीतीनें पांढरे होईपर्यंत तापविले आणि ऐरणीवर घेऊन त्यांवर घण घातला. गोळे भुसभुशीत ढेंकळाप्रमाणें फुटून गेले. अशा लोहारांचें मत या पोलादाविषयीं कसें झालें असेल तें सांगावयास नको. खरें कारण असें कीं, या पोलादांत कर्बाचें प्रमाण फार मोठें, शेंकडा दीडच्या आसपास, असे. त्यामुळें साध्या लोखंडाला मानवणारा ताप त्याला मुळींच सोसत नसे. मंद लालीपलीकडे हें पोलाद तापवितां येत नाहीं, असें स्कॉट यांनीं कळविलेंहि होतें. जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुरीकारानें ही गोष्ट मनावर घेतली. अध्यक्षांच्या इच्छेवरून त्यानें या पोलादाचा एक लहान चाकू घडविला, आणि घडवितांना उष्णता इतकी बेताची ठेविली कीं, तापलेल्या धातूची लाली केवळ अंधारांतच दिसावी. काम कष्टाचें झालें. परंतु चाकूची धार उत्तमांतल्या उत्तम विलायती पोलादाच्या तोडीची निघाली. पुढें हाच स्टोडार्ट वुट्झची हत्यारें विकूं लागला. आणि लोहाराचे पुत्र असलेले सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनीं पोलादाच्या मिश्रधातूंवर जे प्रयोग १८२० मध्यें प्रसिद्ध केले, ते त्याच्याच सहकार्यानें केलेले होते.

पोलादाची ही नाजूक प्रकृति समजण्यास त्याच्या अंतरंगांत थोडें डोकावलें पाहिजे. शुद्ध लोखंड मऊ असतें. त्यांत कर्ब, म्हणजेच कार्बन, अल्प प्रमाणांत मिसळला म्हणजे पोलाद होतें. सुरीच्या उपयोगी अशा साध्या पोलादाच्या शंभर तोळ्यांत कर्ब साधारणतः अर्ध्या तोळ्यापासून एक तोळ्यापर्यंत असतो. खिळे व तारा यांच्या पोलादांत तो याहून पुष्कळच कमी असतो; म्हणून खिळा लाल करून पाण्यांत बुडविला, तरी त्याच्या अंगीं धार धरण्याइतका कठिणपणा येत नाहीं. उलट, कर्ब दोन तोळ्यांच्या वर गेला म्हणजे तें पोलाद न राहतां बीड होतें, आणि बीड घणाखालीं फुटतें.

थंड स्थितींत लोखंडाचे अणु एका ठराविक रचनेनें बसलेले असतात. चौरस खोलीची कल्पना केली, तर तिच्या आठ कोपऱ्यांत आठ अणु आणि मधोमध एक. या रचनेंत कर्बाच्या अणूस जागा जवळजवळ नसतेच. म्हणून तो थोड्याशा लोखंडाशीं संयोग पावून पातळ थरांच्या रूपानें निराळा राहतो. पोलाद सुमारें ७३० अंश सेल्सिअसच्या पलीकडे तापलें म्हणजे तें न वितळतांच त्याचे अणु आपल्या जागा बदलूं लागतात. कोपऱ्यांत आठ असतातच. पण आतां खोलीच्या मधोमध कोणी नसतो, आणि चार भिंती, जमीन व तक्तपोशी यांच्या मध्यावर एकेक अणु बसतो. या नव्या रचनेंत कर्बाला जागा मिळते. आणि ऊन दुधांत साखर विरघळावी तसा तो घन पोलादांत विरघळतो. सुऱ्या, करवती, कानशी आणि वस्तरे यांचा सारा व्यवसाय या एका घटनेवर उभा आहे.

आतां एखादें पातें घडून झाल्यावर त्याची स्थिति काय असते तें पाहूं. पात्याचें टोंक पातळ, म्हणून तें भट्टींत लवकर आणि फार तापतें. मुठीकडला भाग जाड, म्हणून तो मागें राहतो. घणाचे घावहि कोठें अधिक, कोठें कमी. पोलाद हें असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचें बनलेलें असतें, आणि उष्णता जितकी अधिक व जितका वेळ अधिक, तितके मोठे कण लहान कणांना गिळून फुगत जातात. त्यामुळें घडलेलें पातें बाहेरून गुळगुळीत दिसलें, तरी आंत एकीकडे जाड कण, एकीकडे बारीक कण आणि सर्वत्र घणाच्या माराचे ताण राहिलेले असतात. असें पातें तसेंच पाण्यांत बुडविलें तर तें वांकतें किंवा तडकतें. त्यांतूनहि वांचलें तर त्याची धार पुढें कामांत खपल्याखपल्यांनीं उडते. त्याचा तुकडा मोडून पाहिला तर मोडलेला भाग खडीसाखरेसारखा चकचकतो. अननुभवी माणूस ती चमक पाहून खूष होतो. जाणता कारागीर मात्र हळहळतो. चांगल्या पात्याचा मोड रेशमासारखा मऊ, करडा आणि निस्तेज दिसला पाहिजे.

हा दोष काढून टाकण्याची क्रिया ती ‘नॉर्मलायझिंग’, म्हणजे पोलादाला त्याच्या स्वाभाविक स्थितीवर आणणें. कृति ऐकण्यास अगदीं सोपी आहे. शंभरांत पाऊण ते एक भाग कर्ब असलेल्या साध्या पोलादाचें पातें सर्वत्र सारखें असें सुमारें ८७० अंशांपर्यंत तापवावयाचें, उष्णता गाभ्यापर्यंत पोंचण्यापुरतीं कांहीं मिनिटें तसेंच ठेवावयाचें, आणि बाहेर काढून निवांत हवेंत टांगून, लाली पूर्ण जाऊन काळें पडेपर्यंत निवूं द्यावयाचें. दुसऱ्या खेपेस तें सुमारें ८१५ अंशांपर्यंत तापवून पुन्हां तसेंच निववावयाचें. तिसऱ्या खेपेस आणखी खालीं, ७६० अंशांच्या सुमारास. येथें पाणी नाहीं, तेल नाहीं, घणहि नाहीं. परंतु दर खेपेस अणूंची रचना एकदां तापतांना व एकदां निवतांना बदलते, आणि दर बदलाच्या वेळीं जुन्या कणांच्या सीमांवर असंख्य नवे कण जन्म घेतात. उष्णता बेताची ठेविल्यानें त्यांना फुगण्यास अवसर मिळत नाहीं. म्हणून तिसऱ्या खेपेअखेर सर्वत्र बारीक आणि सारखे कण होतात, व माराचे ताण विरून जातात.

या कामांत चुका घडतात त्या बहुधा अधीरपणामुळें. तापलेलें पातें थंड ऐरणीवर ठेविलें, ओल्या जमिनीवर टाकलें किंवा वाऱ्याच्या झोतांत धरलें, तर एक बाजू आधीं निवते आणि पातें वांकतें. पातें राखेंत पुरून ठेविलें तर तें फारच सावकाश निवतें. कानशीनें घासण्यासाठीं किंवा मुठीचीं भोंकें पाडण्यासाठीं असें मऊ झालेलें पातें सोयीचें असतें. पण ती क्रिया निराळी, तिला ‘अ‍ॅनीलिंग’ म्हणतात. पहिल्या क्रियेचा हेतु पोलाद सुधारणें हा, तर दुसरीचा हेतु तें कामापुरतें नरमविणें हा होय.

उष्णतामापक यंत्रें नव्हतीं तेव्हां लोहाराला हे अंश कसे कळत, असा प्रश्न येथें सहज उद्भवतो. त्याचें पहिलें साधन म्हणजे डोळे. अंधुक उजेडांत पोलाद ७०० अंशांच्या सुमारास गर्द तांबडें, ८०० अंशांस उजळ तांबडें, हजाराच्या आसपास नारिंगी आणि १३०० अंशांजवळ पांढरें दिसतें. भर उन्हांत हेच रंग काळवंडून फसवितात. म्हणूनच लोहारसाळ अंधारी असते. दुसरें साधन लोहचुंबक. सुरीच्या पोलादांतील अणूंची रचना बदलते त्याच सुमारास तें लोहचुंबकाला चिकटेनासें होतें. तिसरी खूण मोठी मनोहर आहे. तापलेलें पातें अंधारांत निवत असतां त्याची लाली हळूहळू मंदावत जाते. आणि एका क्षणीं, बाहेरून कोणतीहि उष्णता न मिळतां, तें पुन्हां किंचित उजळतें. अणु आपल्या जुन्या जागीं परततांना उष्णता बाहेर टाकतात, तिचा हा प्रकाश. विल्यम बॅरेट यांनीं १८७३ मध्यें या घटनेस ‘रिकॅलेसन्स’ असें नांव दिलें. परंतु नांव मिळण्यापूर्वीं कित्येक शतकें तो प्रकाश लोहारांच्या डोळ्यांपुढें होऊन जात असला पाहिजे.

यानंतर तो प्रसिद्ध क्षण येतो. पातें ८०० अंशांच्या सुमारास, म्हणजे कर्ब विरघळेल पण कण फुगणार नाहींत इतक्याच उष्णतेवर आणून एकदम निववितात. सावकाश निवलें असतें तर कर्बाला बाहेर पडून आपले थर करण्यास वेळ मिळाला असता. येथें तो वेळच त्याला द्यावयाचा नाहीं. साध्या पोलादाला लाल उष्णतेवरून ५०० अंशांच्या खालीं येण्यास जेमतेम एक सेकंद मिळतो. तेवढ्यांत काम साधलें नाहीं तर पातें मऊ राहतें. कर्ब आंत कोंडला गेला म्हणजे अणूंना जुन्या रचनेंत नीट परततां येत नाहीं. सुमारें २०० अंशांच्या पुढेंमागें, सुयांसारख्या आकाराची, अतिशय ताणलेली व अतिशय कठीण अशी एक नवीच रचना तयार होऊं लागते. जर्मन शास्त्रज्ञ अ‍ॅडोल्फ मार्टेन्स यांच्या स्मरणार्थ तिला ‘मार्टेन्साइट’ असें म्हणतात. ती तयार होतांना पोलादाचें आकारमान किंचित वाढतें. पातळ कांठ आधीं आणि जाड पाठ मागाहून वाढते, आणि त्या ओढाताणींत कित्येक पातीं ‘टिंग’ असा आवाज करून तडकतात. तो आवाज ऐकला म्हणजे कारागिरास कळून चुकतें कीं, आतां या पात्यावर कांहींहि उपाय उरला नाहीं.

पातें कशांत बुडवावें याविषयीं पूर्वीं नाना समजुती होत्या. बाराव्या शतकाच्या आरंभींच्या थिओफिलस नांवाच्या एका ख्रिस्ती साधूनें आपल्या ग्रंथांत नेच्याचा पाला खाऊं घातलेल्या बोकडाचें मूत्र त्यासाठीं सुचविलें आहे. आज हें वाचून हंसूं येतें. पण त्यांत तथ्य अजीबात नाहीं असें नाहीं. तापलेलें पातें साध्या पाण्यांत घातलें म्हणजे त्याच्याभोंवतीं वाफेचें एक वेष्टण तयार होतें, व तें पाण्याला धातूपर्यंत पोंचूं देत नाहीं. पाण्यांत क्षार असले तर तें वेष्टण लवकर फुटतें आणि पातें अधिक वेगानें निवतें. साधें मीठहि तेंच काम करतें. परंतु फार वेग म्हणजे फार ताण. म्हणून पातळ पात्यांसाठीं बहुधा तेल वापरतात, आणि तेंहि ५०-६० अंश ऊन करून. कारण ऊन तेल पातळ होतें व पात्याभोंवतीं सहज खेळतें. पातें तेलांत खालींवर हलवावें, आडवें हलवूं नये. आडवें हलविल्यास एक बाजू आधीं निवून तें वांकतें.

असें निघालेलें पातें कांचेसारखें असतें. त्यावर कानस घासली तर ती चावत नाहीं, नुसती घसरते. रॉकवेल यंत्रांत हिऱ्याचा टोंकदार सुळका धातूवर दाबून कठिणपणा मोजतात. त्या मापानें या पात्याचा अंक ६५ च्या घरांत जातो. नवशिका येथें समाधान पावून थांबतो. पण हें पातें फरशीवर पडलें तर त्याचे दोन तुकडे होतील. नारळाच्या करवंटीवर टेंकलें तर त्याची कोर उडेल. म्हणून मिळविलेला कठिणपणा आतां थोडा परत द्यावा लागतो. या क्रियेस ‘टेंपरिंग’ म्हणतात. बुडविलेलें पातें हाताला सोसेल इतकें निवतांच, विलंब न लावतां, तें सुमारें २०० अंशांवर दोन तास मंद तापवितात, निववितात, आणि पुन्हां एकदां तसेंच करतात. कोंडलेल्या कर्बापैकीं थोडा हळूच बाहेर पडतो, अणूंचा ताण सैल होतो, आणि अंक ६५ वरून ६० च्या आसपास येतो. त्या पांच अंकांच्या मोबदल्यांत पात्याच्या अंगीं चिवटपणा येतो. हा सौदा ज्याला पटला त्याला सुरी करण्याची विद्या बहुतेक साधली असें समजावें.

या मंद उष्णतेचीं मापेंहि निसर्गानेंच पोलादावर लिहून ठेविलीं आहेत. घासून चकचकीत केलेलें पातें तापूं लागलें म्हणजे त्यावर गंजाचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा चढतो, आणि साबणाच्या फुग्याप्रमाणें त्यावर रंग खेळूं लागतात. सुमारें २२० अंशांवर वाळलेल्या गवताचा फिकट पिंवळा रंग, २४० अंशांवर गडद पिंवळा, २६० च्या जवळ तपकिरी, २८० वर जांभळा आणि ३०० वर निळा. वस्तरा फिकट पिंवळ्यावर थांबवितात, चाकू गडद पिंवळ्याच्या आसपास, आणि घड्याळाची कमान निळ्यावर. कारण कमानीला कठिणपणापेक्षां लवचीकपणा अधिक हवा. रॉबर्ट हूक यांनीं १६६५ सालच्या आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ ग्रंथांत या रंगांचा विचार केलेला आढळतो.

हीं सर्व कामें लोक हजारों वर्षें करीत होते. पण तीं कां साधतात याचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत होऊं लागला. शेफील्डचे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनीं १८६३-६४ च्या सुमारास पोलादाचा तुकडा आरशासारखा घासला, सौम्य अम्लानें त्यावर संस्कार केला आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. सावकाश निवलेल्या पोलादांत त्यांना मोत्याच्या शिंपल्याप्रमाणें झळकणारा भाग दिसला; लोखंड आणि कर्बसंयोग यांच्या एकाआड एक थरांची ती झळक होती. त्यावरूनच या रचनेस पुढें ‘पर्लाइट’ हें नांव पडलें. म्हणजे मोत्याचें पाणी आणि पात्याचें पाणी यांची गांठ सूक्ष्मदर्शकाखालीं पडली म्हणावयाची. इकडे रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें तोफा फुटण्याचीं कारणें शोधतां शोधतां दिमित्री चेर्नोव यांनीं १८६८ मध्यें असें दाखवून दिलें कीं, पोलादाचा एक ठराविक उष्णताबिंदु असतो, आणि त्याच्या खालून तें कितीहि वेगानें निवविलें तरी कठीण होत नाहीं. हा शोध ध्यानांत ठेविला म्हणजे दुसऱ्या हकीकतीचें मर्म उलगडतें.

हॅरी ब्रेअर्ली यांचा जन्म शेफील्ड येथें १८७१ मध्यें झाला. वडील पोलाद वितळविणारे कामगार. मुलानें बाराव्या वर्षीं शाळा सोडून कारखान्याची वाट धरली, प्रयोगशाळेंत बाटल्या धुतां धुतां रसायनशास्त्र आत्मसात् केलें, आणि १९०८ पासून शेफील्डच्या दोन मोठ्या पोलाद-कंपन्यांनीं मिळून काढलेल्या संशोधनशाळेचे ते प्रमुख झाले. पोलादाच्या उष्णतासंस्कारावर त्यांनीं १९११ मध्यें ग्रंथहि लिहिला. बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी कशी करावी याचा शोध करीत असतां १९१३ च्या ऑगस्टमध्यें त्यांनीं शेंकडा सुमारें तेरा भाग क्रोमियम असलेलें पोलाद ओतलें. आणि सूक्ष्मदर्शकासाठीं तयार केलेल्या त्याच्या तुकड्यांवर अम्लाचा परिणाम नेहमींप्रमाणें होत नाहीं असें त्यांना आढळलें. ब्रेअर्ली शेफील्डचे, त्यांच्या मनांत प्रथम आली ती जेवणाच्या टेबलावरची सुरी. त्या काळीं साध्या पोलादाच्या सुऱ्या लिंबू किंवा शिरका लागतांच काळ्या पडत, आणि दररोज घासून कोरड्या कराव्या लागत.

त्यांनीं तें पोलाद शहरांतल्या सुरीकारांकडे करून पाहण्यासाठीं दिलें. उलट निरोप आला कीं, हें पोलाद घडवितां येत नाहीं, घासतां येत नाहीं आणि कठीणहि होत नाहीं. सुरीच्या कामाला तें निरुपयोगी आहे. न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक अशी ब्रेअर्लींची थट्टा होऊं लागली. ज्या शहरानें पिढ्यान् पिढ्या सुऱ्याच केल्या, त्या शहराच्या कारागिरांचा हा निर्णय होता; त्यापुढें बोलणार कोण? पण ब्रेअर्लींना चूक कोठें आहे तें कळत होतें. कारागिरांनीं या पोलादाला तोच ताप दिला होता, जो त्यांचे वाडवडील साध्या पोलादाला देत आले. क्रोमियम असलेल्या पोलादांत कर्ब क्रोमियमशीं घट्ट बांधलेला असतो. तो ८०० अंशांवर सुटत नाहीं. त्याला विरघळविण्यास साडेनऊशें ते साडेदहाशें अंश लागतात. कर्ब विरघळलाच नाहीं तर बुडविण्याच्या क्षणीं कोंडावयाचें तरी काय? पातें मऊच राहावयाचें.

१९१४ मध्यें अर्नेस्ट स्टुअर्ट या दुसऱ्या एका सुरीकारानें हें पोलाद हातीं घेतलें. पहिल्या खेपेस घडविण्याचीं हत्यारेंच बिघडलीं. दुसऱ्या खेपेस पातीं कठीण पण ठिसूळ झालीं. तिसऱ्या खेपेस ब्रेअर्ली स्वतः भट्टीजवळ उभे राहिले. सुरी कशी घडवावी हें त्यांस माहीत नव्हतें, परंतु पोलादाला उष्णता किती हवी हें माहीत होतें. स्टुअर्टचें नेमकें उलट होतें. दोघांची विद्या एकत्र आली आणि सुरी साधली. ती शिरक्यांत ठेवूनहि डाग पडला नाहीं, म्हणून स्टुअर्टनें तिला ‘स्टेनलेस’, म्हणजे निष्कलंक, असें म्हटलें. आज घरोघरीं भांड्यांवर जें नांव ऐकूं येतें त्याचा उगम हा. जें पोलाद टाकाऊ ठरलें होतें, त्याला हवें होतें तें फक्त दोनशें अंश अधिक उष्णता.

या सर्व विवेचनाचा नित्याच्या संसाराशीं संबंध आहे. फिरत्या चाकावर धार लावतांना ठिणग्यांचा वर्षाव झाला म्हणजे काम चांगलें चाललें असें पाहणारास वाटतें. परंतु साध्या पोलादाच्या विळीची किंवा सुरीची कड त्या चाकावर निळी पडली, तर तेथील उष्णता ३०० अंशांवर गेली असें खुशाल समजावें. त्या कडेचें पाणी उतरलें, आणि ती आतां पुन्हां पुन्हां बोथट होणार. म्हणून धार लावतांना पातें वरचेवर पाण्यांत बुचकळण्यास सांगावें, किंवा घरींच ओल्या दगडावर सावकाश घासावें. सुरी विस्तवावर धरून लोणी किंवा मेण कापूं नये. नवी सुरी लवकर बोथट झाली, तर तिच्या धातूला नांवें ठेवण्यापूर्वीं ती कोठें तापली होती काय, याची चौकशी करावी. आणि साध्या पोलादाची जुनी विळी काळी पडली म्हणून ती टाकूं नये. तो काळेपणा वरवरचा असतो. चिंच-कोकमाचा हात लागल्यावर ती लगेच धुऊन, कोरडी करून, तेलाचें बोट फिरवून ठेविली, तर आजीच्या हातची विळी नातसुनेच्या हातींहि तितकीच उपयोगी पडते.

वुट्झच्या गोळ्यावर घण घालणाऱ्यांनीं आणि शेफील्डच्या सुरीकारांनीं आळस केला नव्हता. दोघेहि आपल्या कामांत तरबेज होते. जें माप एका पोलादाला लागू पडलें तेंच दुसऱ्यालाहि पडेल, एवढेंच त्यांनीं गृहीत धरलें. स्टोडार्टनें अंधारांत लाली पाहिली, ब्रेअर्ली भट्टीशीं जाऊन उभे राहिले, आणि दोघांनींहि समोरच्या धातूला काय सोसतें तें आधीं पाहून घेतलें. पात्याला पाणी द्यावयाचें असतें तें त्यानंतर.